हिराबाई वहिनींच्या गांडुळांचे अंथरूण

मंगळवार पेठ, कोल्हापूर
भाद्रपद वद्य द्वादशी, १९८७

माझे बालमित्र, कृषिनिपुण, श्री. रुद्रय्या यांच्या सेवेशी, अंबादासाचा वाकून नमस्कार आणि तुमच्या घरच्या रीतीने शरणार्थी. (तुला ‘अहोजाहो’ केलेले बघून तू पाकीट उलटेपालटे करशील आणि पत्र भलत्याच्या घरी आले की काय ते तपासशील. तुझेच आहे. तिसरीत एका बाकावर बसून एका पाटीवर दोघांनी थुंकी लावलेली आहे, तेव्हा तुला ‘अहो’ म्हणण्याचा मला मुळीच सराव नाही. पण आजच्या पत्राला थोडा आदर पुढे धाडणे बरे वाटले. कारण लगेच कळेल. आता ‘तू’वर येतो.) तुझा गुडघा कसा आहे? कागलच्या डॉक्टरांचे तेल चोळतोस की नुसते कोनाड्यात ठेवून त्याच्याकडे बघतोस? चि. शिवय्याच्या गोठ्याच्या भिंती कुठवर आल्या? आमच्याकडे सौ. ठीक आहे. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आहे, तेव्हा ओळी वर चढलेल्या किंवा खाली घसरलेल्या दिसल्या तर तो दोष त्या डोळ्याचा समज, मनाचा समजू नकोस.

मनाचे सांगायचे तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाचे तुझे रूप अजून समोर आहे. एसटीतून करंडी मांडीवर घेऊन उतरलास. कंडक्टरने म्हणे विचारले होते, “पावणं, करंडीत काय हाय?” आणि तू म्हणालास, “घरची माणसं हायत.” हे तू मला हसत सांगितलेस, पण हसू पुरे झाले नाही तुझे. वहिनींना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. शेतकी खात्याच्या कुणा माणसाने बायकांच्या मेळाव्यात गांडुळे पाळायचे शिकवले, गावातल्या सगळ्या बायांनी महिन्याभरात ते सोडून दिले आणि हिराबाई वहिनींनी मात्र पाच वर्षे स्वयंपाकघराच्या मागे ती पोसली, भाजीच्या देठांवर आणि केळीच्या सालींवर. आता शिवय्या तिथेच गोठ्याचा पाया खणणार. पोराचे काही चुकले नाही, गुरांना छप्पर हवेच. पण फावड्याने ती इकडेतिकडे उडालेली तुला बघवली नसती. म्हणून साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातून तू मला निवडलेस, ज्याच्या हातची तुळससुद्धा दोनदा वाळली आहे त्याला, आणि म्हणालास, “दसऱ्यापातूर सांभाळ आंबू. गोठ्याचं काम झालं की न्हेतो. तिच्या हातचं एवढंच जित्तं उरलंय.”

रुद्रय्या, खोके रिकामे आहे. हे वाक्य लिहायचे मी नऊ-दहा दिवस टाळले. दोन पत्रे याच्या अलीकडे येऊन थांबली आणि फाडून झाली. आता लिहिले आहे, तू वाचले आहेस, आणि आपल्या दोघांच्या मध्ये सात कोसांचे अंतर आहे हे या घडीला बरे वाटते. पुढचे मात्र खाली बसून वाच.

पहिला महिनाभर ती तुझ्याच करंडीत तुझ्याच अंथरुणावर मजेत होती. (मी रोज सकाळी फडके उचलून विचारपूस करीत होतो. उत्तर येत नसे, पण चौतीस वर्षे शिकवताना वर्गातही फारसे येत नसेच.) मग श्रावणातल्या ओलीने करंडीचा तळ कुजला आणि त्यांना नवे घर करणे भाग पडले. चहाच्या दुकानातून एक लाकडी खोके आणले. राहिले अंथरूण. त्याची कृती तू मला एसटी स्टँडवर, गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून सांगितली होतीस: पेपर फाड, भिजव, पिळून पसर; नारळाच्या शेंड्या सोडवून घाल; शेण घाल पण शिळे, वाळलेले, ताजे घातलेस तर आतून तापते; वर मूठभर माती टाक, मऊ बघून; आणि सारखे उघडून बघू नकोस, तुला ती खोड आहे. “अंथरूण जमलं की झालं,” म्हणालास, “बाकीचं ती बघत्यात.” सगळे माझ्या ध्यानात होते. शब्द माझ्या ध्यानात राहतातच, रुद्रय्या, आयुष्यभर त्यावरच पोट भरले. अडचण शब्दांच्या पलीकडे गेले की सुरू होते.

कागद फाडायलाच मला चार दिवस लागले. सौ. म्हणते किलोभर रद्दीला अर्धा तास पुरतो, पण ती फाडते आणि मी वाचून फाडतो, एवढा फरक आहे. शिवाय आपल्याला लहानपणी कागदाला पाय लागला तर तो कपाळाला लावायला शिकवले, त्या हाताने उभ्या चिरफळ्या कशा कराव्यात? प्रत्येक अंकाला आधी नमस्कार केला. मग लक्षात आले की मधल्या पानावर ‘दुःखद निधन’चे फोटो आहेत. कुणाच्या तरी वडिलांच्या तोंडावर गांडुळे झोपवायची, हे मनाला पटेना. ते चौकोन कात्रीने कापून बाजूला ठेवले. मग देवांची चित्रे कापली. मग गेल्या वर्षीच्या दहावीच्या निकालातली नावे, कारण त्यांत आमच्या शाळेची होती. शेवटी अंथरुणाला उरले ते बाजारभाव, टेंडरे आणि एका लॉटरीचा निकाल. सौ. दारातून म्हणाली, “एवढं निवडून तर मी तांदूळ बी निवडत नाही.” तिचे बोलणे तू जाणतोसच. आणि कागद फाडता फाडता माझ्या बोटांना चार ठिकाणी बारीक चिरा पडल्या. हे चिरांचे लक्षात ठेव, लवकरच लागेल.

शेंड्या मिळायला आपल्या गावात तोटा नाही. देवळाच्या महाद्वारातल्या नारळवाल्यांकडून पिशवी भरून आणल्या, अंगणात बसून धागा धागा मोकळा केला. तो सोनेरी काथ्या मांडीवर पडला की मला आपल्या शाळेची तरटाची बैठक आठवली आणि तिच्यावर मांडी घालून सामुदायिक चालीत म्हटलेल्या कविता. तू शेवटचा शब्द तेवढा मोठ्याने म्हणायचास, बाकीचा वेळ तोंड हलवायचास, हे पंतोजींना कळत होते की नाही याचा विचार मी त्या दुपारी बराच वेळ केला. मग भिजवलेले सगळे मुठीत धरून दाबायचे. दोन थेंब पडले तर ठीक, धार लागली तर पिळायचे. माझ्या मनगटात आता जोर नाही. सौ.ने माझ्यासमोर बसून धोतर पिळावे तसे ते सारे पिळून दिले. आम्ही दोघे एका घमेल्याच्या दोन बाजूंना असे कधी बसलो होतो ते मला आठवेना. तिला आठवत असावे.

राहिली माती. मूठभर, मऊ बघून. आता तूच सांग, कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसाला मऊ माती म्हटल्यावर काय आठवेल? परसातली माती मुरमाड, कुंड्यांतली घट्ट. पण गल्लीच्या टोकाला तालीम आहे, आणि तिच्या हौद्यातली ती लाल, चाळलेली, लोण्यासारखी माती, जिच्यावर शंभर किलोचा गडी उताणा पडला तरी हाडाला दुखत नाही. वहिनींच्या गांडुळांना याहून कमी प्रतीचे अंथरूण मी घालणार होतो काय? पाटी घेऊन गेलो. तिथला वस्ताद ज्ञानू माझाच विद्यार्थी. मी कारण सांगितले तेव्हा तो हसला नाही. या गावात कुस्तीच्या मातीबद्दल कुणी हसत नाही. “घ्या की मास्तर, एक का, दोन पाट्या घ्या. लिंबू हाय, हळद हाय, ताक, कापूर, तिळाचं त्याल, समदं मुरलंय हिच्यात. हिच्यात लोळलं की खरूज जातीया, सांधं मोकळं हुत्यात. तुमची गांडुळं आठ दिसांत शड्डू ठोकत्यात का न्हाय बघा.” आम्हा दोघांपैकी एकालाही, एक जण चौतीस वर्षे शिक्षक आणि दुसरा वीस वर्षे वस्ताद, लिंबू आणि गांडूळ हे दोन शब्द शेजारी ठेवून बघावेसे वाटले नाही. मूठभर सांगितले होतेस, मी दोन पाट्या घातल्या. कमी घालणे मला कद्रूपणाचे वाटले.

अनंत चतुर्दशीला गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नव्या घरी राहायला गेली. काय सुंदर अंथरूण होते ते, रुद्रय्या. खाली काथ्या, मग कागद, मग शेण, वर हातभर लाल मखमल. मी खुर्ची जवळ ओढून बसलो. त्यांचे चालणे बघताना मला नेहमी वाटायचे की ही भुजंगप्रयातात चालत असावीत, नावावरून तसेच वाटते. पण नीट पाहिले तर चाल मंदाक्रांतेची, आधी चार पावले जड, मग घाई, मग पुन्हा विचार. तरी सवयीने दोन ओळी भुजंगप्रयातातच सुचल्या, आणि त्यांना म्हणून दाखवल्या:

तुम्हां नाहि डोळे, तुम्हां नाहि पाया
तरी चालता नीट काळोख खाया

(‘पाय’ला ‘पाया’ वृत्तासाठी केले आहे. तुझे भाषेचे गुण मला ठाऊक आहेत, तू हरकत घेणार नाहीस.) पुढच्या ओळींचा विचार करीत बसलो आणि बघतो तर ती सगळी खोक्याच्या फळ्यांवर चढत होती. वर, काठापर्यंत, अंग ताणून. मला काय वाटावे? ज्ञानूचे शब्द खरे झाले असे वाटले. मातीचा गुण चढला, व्यायाम सुरू झाला असे वाटले. मी सौ.ला हाक मारून दाखवले. तिने पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि “बघा बाई” म्हणून आत गेली. मी झाकण लावले. सारखे उघडून बघायचे नाही, हे तुझे शब्द मी दोन दिवस अक्षरशः पाळले. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडले तर आत एकही नव्हते.

मी ते खोके चमच्याने उपसले. परसातला दगड न् दगड उलटा केला. पितृपंधरवडा लागला आहे, आमच्या पत्र्यावर कावळ्यांची सभा भरलेली असते. त्यांतला एक मान वाकडी करून खोक्याकडे असा बघत होता की मी त्याला दगड मारणार होतो, तेवढ्यात मनात आले की आज तिथी कुणाची आहे कोण जाणे, आणि दगड खाली ठेवला. मग पुन्हा खोक्यात दोन्ही हात घातले, तळापर्यंत. तेव्हा ती माती माझ्या चिरलेल्या बोटांत शिरली आणि रुद्रय्या, जी काही आग झाली म्हणतोस. मी हात झटकून नळाकडे पळालो. पाण्याखाली बोटे धरून उभा होतो तेव्हा सगळे कळले. माझ्या चार चिरांना अर्धे मिनिट जे सोसले नाही, ते मी त्यांना सर्वांगावर पांघरायला दिले होते. त्यांना तर कातडीशिवाय दुसरे काहीच नाही, डोळा, नाक, जीभ सगळे तेच. माती मऊ होती ती माझ्या हाताला. त्यांना मी कुठे विचारले होते?

दुसऱ्या दिवशी ज्ञानूला सांगितले. तो फार ओशाळला आणि संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावरून वनस्पती तुपाच्या डब्यात पसाभर गांडुळे खणून घेऊन आला, मासे धरणारे गळाला लावतात ती. “हीच द्या की त्येस्नी, मास्तर. गांडुळाला काय नाव असतंय व्हय?” तुला खरे सांगतो, तो डबा एक आख्खा दिवस मी ठेवून घेतला. ही जाड, राखाडी. वहिनींची बारीक, तांबडी, शेपटीकडे पिवळसर. पण तुझीही नजर आता पूर्वीची नाही, ‘तालमीच्या मातीने अंगाने भरली’ असे म्हणता आले असते. मनात वाक्यसुद्धा जुळवले होते, चांगले घोटीव झाले होते. मग तू ती करंडी मांडीवर घेऊन एसटीत बसलेला दिसलास आणि कंडक्टर विचारतो आहे असे दिसले. डबा नेऊन पेरूच्या बुंध्याशी रिता केला.

ज्ञानू पायरीवर बसून ते बघत होता. मी सहज म्हणालो की तुला आठवते का, सहावीत तुला पाठ होत नव्हती म्हणून मी एक कविता रोज सगळ्या वर्गासमोर उभे करून म्हणायला लावली होती, महिनाभर. शेवटी आली की नाही? तो म्हणाला, “आली की. आजून येतीया. पर मास्तर, राग नगा मानू, तुमी ती चाल गुणगुणाय लागला की आजून बी माजी नजर दाराकडं जातीया.” आणि हसला. मीही हसलो. मग तो तालमीत गेला आणि मी तिथेच बसून राहिलो. ती कविता मला इतकी प्रिय आहे, रुद्रय्या, की तिच्यात एखाद्याला झोंबणारे काही असेल हे चौतीस वर्षांत एकदाही मनात आले नाही. किती पोरे त्या काळात माझ्या वर्गाच्या भिंतीवर चढत होती आणि मी त्यांना व्यायाम समजत होतो, देव जाणे. हे तुला लिहायचे नव्हते. पण दुसऱ्या कुणाला लिहू?

तेव्हापासून रोज पहाटे उठून नवे अंथरूण करतो आहे. कुणासाठी ते विचारू नकोस. पहिले फार ओले झाले, दुसरे पिळून पिळून कोरडे, तिसऱ्यात शेण ताजे होते ते हाताला ऊन लागले, चौथ्यात काथ्या जास्त, पाचव्यात मुंग्या शिरल्या. सहावे परवा केले. माती परसातलीच, चाळून, खरोखर मूठभर. आता हाताच्या अंदाजावर विसंबत नाही. चिरलेली बोटे आत घालून शंभर आकडे मोजतो. सहाव्यात शंभर झाले तरी काही झोंबले नाही. तुला रागवायचे असेल तर रागव, ते मला लागू आहे. पण वहिनींच्या पाच वर्षांचे मी तीन दिवसांत जे केले त्याची क्षमा मागायला माझ्यापाशी एकही कविता नाही, आणि कवितेची चाल न लावता लिहिलेले हे माझे पहिलेच पत्र असावे. शिवय्याला आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझा जुना बाकसोबती,
अंबादास

ता. क. – मुख्य गोष्ट राहिली. मागे तू म्हणाला होतास की निपाणीला तुझ्या बहिणीला, शांतव्वाला, वहिनींनी स्वतःच्या हाताने पसाभर गांडुळे दिली होती. म्हणजे तीही वहिनींचीच झाली. तर दसऱ्याला येताना वाट थोडी वाकडी करून शांतव्वाकडून मूठभर घेऊन येशील काय? मी ती सहाव्या अंथरुणावर ठेवीन आणि दसरा झाला की तुझी तुला परत करीन. यात काही तरी उलटे आहे हे मलाही दिसते आहे, पण दुसरा मार्ग सुचत नाही. शांतव्वाला कारण सांगू नकोस.

आणखी ता. क. – सौ.ला यातले काही ठाऊक नाही. ती रोज विचारते, “कशी आहेत?” आणि मी “मजेत” म्हणून सांगतो. तिचा माझ्या शब्दावर विश्वास आहे, तो दसऱ्यापर्यंत टिकावा. पाकीट घट्ट चिकटवून तिच्याकडेच देतो आहे, भाजीला जाताना पेटीत टाकील.

*

रुद्रय्या भावजींना प्रमोदिनीचा नमस्कार. पाकीट चहाच्या वाफेवर उघडले आहे, राग नसावा. ह्यांचे ‘मजेत’ मला पहिल्याच दिवशी कळले होते.

भावजी, काळजी करू नका, हिराबाईंची गांडुळे जिवंत आहेत. ह्यांना ती व्यायाम करताना दिसली, मला जीव घेऊन पळताना दिसली. हे दुपारी झोपले तेव्हा मी एक एक वेचून कोमट नव्हे, साध्या पाण्यात धुतली आणि न्हाणीमागे जुन्या मातीच्या डेऱ्यात ठेवली. ह्यांनी दगड न् दगड उलटला म्हणतात, पण न्हाणीमागे धुणेभांडे असते, ती जागा आपली नव्हे असे ह्यांना लग्न झाल्यापासून वाटते. अंथरूण कसे करायचे ते मला हिराबाईंनी शिवय्याच्या लग्नातच सांगितले होते. तुम्ही दोघे एकमेकांना एसटी स्टँडवर सांगत बसलात, मला कुणी विचारले नाही. पण खरे सांगायचे तर माझे अंथरूण साधारणच जमले होते. परवा ह्यांच्या सहाव्यातले निम्मे उचलून नेले, आता ती त्यावर आहेत आणि खाली उतरून निवांत बसली आहेत. ते खरेच चांगले झाले आहे.

हे ह्यांना सांगायचे नाही. शाळा सुटून चार वर्षे झाली, चार वर्षे हे खुर्चीत होते. मी चहा तिथे नेऊन ठेवायची. आता पहाटे उठून अंगणात असतात, चहा गार होतो, तीन तीन हाका माराव्या लागतात. मग येतात आणि काथ्या कसा निघाला ते सांगत बसतात. तेव्हा तुम्ही शांतव्वांकडची मूठभर जरूर आणा आणि ह्यांच्या हाती द्या. ती इथेच राहू देत. हिराबाईंची मी तुम्हाला मागच्या दाराने देईन.

डेऱ्यात दोऱ्याएवढी बारीक पांढरी पिल्ले दिसायला लागली आहेत. येताना डबा मोठा आणा.